मेंढ्या ओल्या की ड्राय

अ‍ॅडलेड
३ जून १९७६

प्रिय विल्मा,

मला नोकरी लागली आहे. शब्दकोशाच्या कचेरीत. कचेरी म्हणजे युनिव्हर्सिटीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एक शेगडी आणि मि. ऑर्म्सबी. आपले लोक रोज तोंडाने जे इंग्रजी बोलतात ते गोळा करायचं, एकेक वाक्य एकेका कार्डावर उतरवायचं, खाली कोण बोललं, कुठे, केव्हा, ते लिहायचं, आणि कार्डं खोक्यात लावायची. लावायचं काम माझं.

सध्या आम्ही 'ड्राय' या शब्दात रुतलो आहोत. मला वाटलं होतं, पाणी नाही म्हणजे ड्राय, संपलं. पण ड्राय वाइन, ड्राय खोकला, ड्राय ओढा, बिनचुन्याची ड्राय भिंत, दारूबंदीचं ड्राय गाव, ड्राय विनोद... खोकं भरलं तरी मि. ऑर्म्सबी नाराजच. म्हणाले, "मिसेस ट्रेगिल्गस, ही सगळी वाक्यं पुस्तकातली आहेत. मेंढ्यांच्या शेडमध्ये हा शब्द उठता-बसता वापरतात, आणि तिथलं एक कार्ड नाही आपल्याकडे." मी म्हटलं, माझी नणंद शेडमध्ये लोकरीची प्रत लावते. कॉलेज शिकलेली आहे, शाळकरी वयापासून डायरी लिहिते, आणि स्वतःच्या कानांनी न ऐकलेलं एक अक्षर कधी लिहीत नाही. त्यांनी लगेच त्यांच्या डब्यातलं बिस्किट मला दिलं. हा फार मोठा मान आहे. कोरी कार्डं सोबत पाठवते आहे.

आता दुसरं. तू म्हणशील, हेच पहिलं होतं.

रेक्स तुझ्याच टोळीत लोकर कातरतो आहे, तेव्हा तुला माहीत असेलच. मी त्याला सांगितलं आहे की ऑगस्टअखेर हंगाम संपेपर्यंत एक थेंब नाही, मग घराचं दार उघडं. एक थेंब गेला, तर दार बंद, आणि ते कायमचं. त्याने माझ्याशी हात मिळवला, एडका विकत घेताना मिळवतात तसा. जेनिस आधी रोज विचारायची, बाबा कधी येणार. आता विचारत नाही. मला ते जास्त जड जातं.

तुला मी पाळतीवर ठेवत नाही. पण तू तिथे आहेस आणि तुला डोळे आहेत. तो प्यायला तर मला कळव. नाही प्यायला तर कार्डं येऊ देत.

तुझी,
कॉरीन


वंडारी शेड
११ जून १९७६

प्रिय कॉरीन,

तुझी कार्डं टेबलावर तशीच पडून होती. एका वाक्यात तू मला साक्षीला उभं केलंस. रेक्सच्या बुटांच्या नाड्या बांधायला मी शिकवलं आहे. त्याच्यावर नजर ठेवायची म्हणजे कशी? आणि नाही ठेवायची, तर तुला काय उत्तर द्यायचं? शेवटी मी सरळ रेक्सलाच सांगितलं, कॉरीनने असं असं विचारलंय, कार्डं गेली म्हणजे तू ठीक आहेस असा अर्थ. त्याच्या पाठीमागे हे करणं मला जमलं नसतं.

तो हसला. म्हणाला, "पाठव की. खोकंभर पाठव!"

तेव्हा पाठवते आहे.

मि. ऑर्म्सबी म्हणतात ते खरं आहे. मी कान उघडे ठेवले आणि थक्क झाले. ज्या मेंढीच्या पोटात किंवा मागे कोकरू नाही ती ड्राय. म्हणजे भाकड. रान मोजायचं तेही भाकड मेंढीच्या मापाने. मालक मि. पार्नेल मागच्या रानाबद्दल म्हणाले, "एकरी एक ड्राय पोसतं, तेही देव जागा असला तर." कोकराची आई खाण्यात दोन ड्रायच्या बरोबरीची धरतात. आणि लोकर भाकड मेंढीची जास्त निघते, मजबूतही असते. पोटातल्या पिल्लाने ओढून घेतलेली नसते ना. हे मी टेबलाशी मोठ्याने बोलले आणि पस्तावले. ब्लू नावाचा एक आहे, टोळीतला सगळ्यांत वेगवान, तांबड्या केसांचा. तो म्हणाला, "ऐका रे, मिस विल्मा स्वतःचीच जाहिरात करतेय." सगळे हसले. रेक्सने हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, आता हा उठतो. म्हणून मीच म्हटलं, "खरंच आहे ब्लू. माझी लोकर चांगलीच आहे. तुझ्या हातून कातरून घेणार नाही, एवढंच." मग रेक्सही हसला.

आचारी क्लॅरीने न्याहारीला ठेवलेल्या बिस्किटांना लोणी नव्हतं. "ड्राय आहेत. तक्रार गिळून झाल्यावर करा." मुकादम डग हाइनरिखची थट्टा तर सगळीच ड्राय. मालकांनी विचारलं, "काम कधी संपेल, डग?" चेहऱ्यावरची माशी न हलवता डग म्हणाला, "मेंढ्यांना विचारून सांगतो."

पण मला चक्रावलं ते संध्याकाळच्या दोन कार्डांनी. काम सुटल्यावर ब्लू ओरडत आला, "क्लॅरी, मी ड्राय झालोय! बिअर काढ!" आणि त्याच दमात अंगठ्याने रेक्सकडे दाखवून, "याला नको हं. हा ड्राय आहे." तहानेने व्याकूळ तो ड्राय, आणि बाटलीला हात न लावणारा तोही ड्राय. दोघे एकाच बाकावर शेजारी बसलेले. मी दोन वेगळी कार्डं केली. एकावर चालेल का, ते मि. ऑर्म्सबींना विचार.

आणखी एक. पाऊस किंवा दव पडलं की कातरण्याआधी मेंढ्या ड्राय आहेत का, यावर मतदान होतं. अजून तशी वेळ आलेली नाही.

तुझी,
विल्मा


अ‍ॅडलेड
१९ जून १९७६

विल्मा,

कार्डं मंगळवारी मिळाली. मि. ऑर्म्सबी दोन कार्डं दोन हातांत धरून खिडकीशी उभे राहिले आणि "वा" म्हणाले. दोन्ही ठेवायची आहेत. मेंढ्यांवर मतदान ही तू त्यांची केलेली थट्टा आहे असं त्यांचं मत आहे. तसं नसेल तर सविस्तर लिही.

आता ऐक. खालच्या मजल्यावरच्या मिसेस शुल्ट्झचा नवरा लोकरीचे गठ्ठे वाहणारा ट्रक चालवतो. त्याने गेल्या रविवारी, म्हणजे तेरा तारखेला, रेक्सला तारकुलाच्या हॉटेलात, म्हणजे गावातल्या पबमध्येच, शिरताना पाहिलं. पुढच्या दाराने. दिवसाढवळ्या.

शुल्ट्झला मी काही विचारलं नव्हतं. त्याने जिन्यात सांगितलं, टोपी काढून, मयताला आल्यासारखं.

तुझी कार्डं काय सांगतात, आणि हा माणूस काय सांगतो? मी कोणतं खरं धरू? तू त्याची बहीण आहेस, हे मला अट घालतानाच लक्षात यायला हवं होतं.

कॉरीन


वंडारी शेड
२६ जून १९७६

प्रिय कॉरीन,

तुझं रागावणं बरोबर आहे. जे पाहिलं ते सांगते, आणि जे पाहिलं नाही तेही.

कार्डं मी शुक्रवारी टपालात दिली. तोवर रेक्सने बाटलीला हात लावला नव्हता. रविवारी मला लोकर विणायच्या सुया हव्या होत्या म्हणून मालकांची गाडी घेऊन मी तारकुलाला निघाले. रेक्स म्हणाला, मीही येतो. दुकान बंद होतं, रविवारी असणारच, हे मला निघतानाच आठवायला हवं होतं. तो म्हणाला, "आलोच," आणि हॉटेलात गेला. मी गाडीतच बसले. आत गेले नाही. तो बाहेर आला तेव्हा मी काच खाली केली. गाडीत कोंदट झालं होतं म्हणून, की वास येऊ नये म्हणून? त्या रात्री डायरीत हा प्रश्न लिहिला आणि उत्तराची जागा कोरी सोडली. अजून कोरीच आहे. त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण न विचारता मला जास्त सोपं जात होतं.

तुझं पत्र आल्यावर विचारलं.

"रेक्स, त्या रविवारी प्यायलास?"

"नाही."

"मग आत काय करत होतास?"

"ड्राय जिंजर घेतली." ही ड्राय म्हणजे आल्याचा कमी गोड सोडा.

"त्यासाठी हॉटेलात जायचं?"

"विल, तिला नाही म्हणून लिही. खोटं असतं तर तुला लिहायला सांगितलं नसतं."

एवढं बोलून तो कातरायच्या मशीनला तेल घालायला निघून गेला. माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण तुला माझा विश्वास नको आहे, तुला खरं हवं आहे. ते माझ्याजवळ नव्हतं.

आज आहे. म्हणून घाईने लिहिते आहे.

परवापासून पाऊस लागला. छपराखाली कोंडून ठेवलेल्या मेंढ्या काल संपल्या, आणि आज उघड्या वाडग्यातल्या आत घ्यायच्या होत्या. अशा वेळी मालकाचं चालत नाही, मुकादमाचं चालत नाही, माझं तर नाहीच. कातरणाऱ्यांनी प्रत्येकी दोन मेंढ्या कातरायच्या, मग चिठ्ठीवर ओल्या किंवा ड्राय लिहून डगच्या टोपीत टाकायचं. नाव नाही. कोणी कोणाची चिठ्ठी बघत नाही, नंतरही विचारत नाही. विचारणं हे शिवी देण्यापेक्षा वाईट समजतात. ओल्या मेंढीला दिवसभर कवेत धरून माणसाच्या अंगावर गळवं उठतात, सांधे धरतात. दुसरीकडे, बसून राहिलं की मजुरी नाही. आणि ज्याला गावातला पब खुणावतो आहे त्याचा हात ओलाव्याबद्दल जरा उदार होतो. मि. ऑर्म्सबींना सांग, थट्टा नाही.

सकाळी मी गुपचूप एकीच्या पाठीवर हात ठेवला. वरून कोरडी होती. खाली हात घालून बघितला नाही. मला मत नाही, तर कशाला?

टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या आधी रेक्स माझ्या टेबलाशी आला. "विल, ओल्या ठरल्या तर माझं काही खरं नाही. सगळे पबमध्ये जाऊन बसणार, आणि मी?"

पहिल्यांदा तीन-तीन पडली. आमच्या शेडचा रिवाज असा की बरोबरी झाली तर प्रत्येकाने आणखी दोन कातरायच्या आणि पुन्हा मतदान. दुसऱ्यांदा चार ओल्या, दोन ड्राय. डगने टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाला, "सज्जनहो, लोकशाहीने आपल्याला सुट्टी दिली आहे." ब्लू तर बूट न बदलताच गाडीत चढला.

आणि रेक्स गेला नाही. ब्लू हॉर्न वाजवत होता, "ए पाद्री, चल की! चहा पाजतो तुला!" तरी गेला नाही. पर्सी म्हणून टोळीत सगळ्यांत म्हातारा आहे, सांध्यांनी बेजार झालेला, तो मागे राहिला. रेक्स त्याच्या खोलीत पत्ते खेळत बसला. दुपारी क्लॅरीसाठी बटाटे सोलता सोलता मी खिडकीतून बघितलं. दोघे जोरात हसत होते. कित्येक महिन्यांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मतदान गुप्त असतं, पण भावाचं मत मला कळतं. त्या दोन ड्राय मतांतलं एक त्याचं. पब टाळायला त्याने मत दिलं, ते हरलं, तरी तो गेला नाही. या वेळी मी गाडीत बसून राहिले नव्हते. डोळ्यांनी पाहिलं. ही साक्ष समज.

तुझी,
विल्मा


अ‍ॅडलेड
१ जुलै १९७६

प्रिय विल्मा,

तुझं पत्र ट्राममध्ये वाचलं आणि ग्लेनेल्गपर्यंत तशीच गेले. माझा थांबा कधीच मागे गेला होता. समुद्रावर गार वारा होता. बाकावर बसून पुन्हा वाचलं.

मी शुल्ट्झचं ऐकून तुला जे लिहिलं ते विसर. आणि काच तू कशासाठी खाली केलीस, त्याचं उत्तर मी देते: कोंदट झालं होतं म्हणून. डायरीत लिहून टाक.

जेनिसला सांगितलं. सांगणार नव्हते, पण ती भांडी पुसत होती आणि माझ्या तोंडून गेलं, "ऑगस्ट संपला की बाबा घरी." ती "बरं" म्हणाली आणि बशी पुसतच राहिली, पुसतच राहिली. तिच्यावरचं निळं फूल जाईल असं वाटायला लागलं. झोपायच्या आधी तिने कपाटातले माझे कपडे एका बाजूला सारले. अर्धा दांडा रिकामा केला.

मि. ऑर्म्सबी आता माझ्याहून जास्त मतदानाबद्दल बोलतात. खात्याच्या बैठकीत असंच करावं म्हणतात.

तुझी,
कॉरीन


वंडारी
रविवार, ४ जुलै

कॉरीन,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. क्लॅरीचं पेन आहे, त्याला ते सैपाक व्हायच्या आत परत हवंय. म्हणून जे आहे ते सरळ लिहितो.

एक. तारकुलाच्या हॉटेलात मी फोनसाठी गेलो होतो. गावात फोन तिथेच आहे, बारच्या बाजूच्या बोळात. पैसे टाकले. जेनिसने उचलला. "हॅलो, कोण बोलतंय?" म्हणाली, एखाद्या मोठ्या बाईसारखी. ठेवून दिला. त्यांचा फोन वापरून काही न घेता निघणं बरं दिसत नाही म्हणून ड्राय जिंजर घेतली. त्या दिवशी प्यायलो नाही. विलला सांगितलं नाही कारण ती रडली असती आणि गाडी तिला चालवायची होती.

दोन. मतदान. विलने तुला लिहिलं की मी ड्रायचं मत दिलं. पहिल्यांदा दिलं, घाबरून. मेंढी ओली आहे हे हाताला कळत होतं, पण डोळ्यांपुढे पब दिसत होता. मग बरोबरी झाली आणि आणखी दोन कातरायला लागल्या. पर्सी माझ्या शेजारच्या जागेवर होता. त्याची मूठ वळेना. मशीन दोन हातांनी धरत होता आणि मेंढी गुडघ्याने दाबत होता, कोणी बघू नये म्हणून तोंड भिंतीकडे करून. माझ्या मेंढीच्या पोटाखाली हात घातला तर मनगटापर्यंत गार पाणी. आता तिला ड्राय कशी म्हणणार? ओली लिहिलं. म्हणजे सुट्टी मीच ओढवून घेतली. रिवाज मोडून हे सांगतोय, कोणाला बोलू नको.

तीन. पबला गेलो नाही. फार शहाणा ना मी! पबला घाबरलो आणि जाऊन बसलो पर्सीच्या खाटेवर. खाटेखाली त्याची रमची बाटली होती. अर्धी तो बोटांना चोळतो, अर्धी पितो. मला विचारलंसुद्धा नाही त्याने, कपात ओतली. पत्ते पिसता पिसता प्यायलो. लक्ष नव्हतं असं नको समजू. लक्ष होतं. दुसराही कप लक्ष देऊनच प्यायलो. तिसरा ओतायला लागला तेव्हा कप पालथा घातला. तो म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्याच्याआधी आम्ही जे हसत होतो आणि विल खिडकीतून बघून खूश झाली, ते रमचं हसणं होतं.

पर्सी बोलणार नाही. विलने तर नाही म्हणून तुला कळवून टाकलंय. तुला कधी कळलं नसतं. आठवडाभर मी तेच स्वतःला सांगत होतो, कळणार नाही, कळणार नाही. आज लिहायला बसलो.

तू एक थेंब म्हणाली होतीस. दोन कप झाले. अट तुझी, मोडली मी. जेनिसला काय सांगायचं ते तूच ठरव, पण बाबा कामात अडकलेत असं खोटं नको सांगू. विलवर चिडू नको. तिला मी फसवलं.

रेक्स


वंडारी शेड
९ जुलै १९७६

प्रिय कॉरीन,

रेक्सने मला सगळं सांगितलं, पण पत्र टपालात पडल्यावर. आधी सांगितलं असतं तर मी त्याला थांबवलं असतं का? नसतं, असं लिहावंसं वाटतं. पण मला खात्री नाही.

माझी साक्ष खोटी ठरली. मी काम कसं करते ते तुला माहीत आहे. लोकरीचा पुंजका दोन्ही हातांत ताणून कानाशी धरायचा, बोटाने टिचकी मारायची. मजबूत असेल तर तो खणखणतो. दुबळा असेल तर मधोमध तुटतो. नुसती बघून मी कधी लोकरीची प्रत लावली नाही. आणि भावाची लावली ती बटाटे सोलता सोलता, अंगणापलीकडच्या खिडकीतून. त्या दोन ड्राय मतांतलं एक त्याचं, असं मी तुला किती ठासून लिहिलं! ती मतं कोणाची होती ते मला माहीत नाही. नीट लिहिते, मला माहीत नाही. सकाळी मेंढीच्या पोटाखाली हात घातला असता तर निदान मेंढीबद्दल तरी माहीत झालं असतं.

मग मी ते पत्र इतक्या आनंदाने का लिहिलं? तो सुटला म्हणून, की मी सुटले म्हणून? 'नाही प्यायला' एवढं एकदाचं लिहून टाकलं की पहारा संपणार होता. मला वाटतं, दुसरं जास्त खरं आहे.

त्याची बाजू मी मांडणार नाही. मांडायची फार इच्छा आहे, म्हणूनच नाही.

फक्त जे दिसतं ते: पाऊस थांबला. सहाही मतं ड्राय पडली आणि काम सुरू झालं. पर्सीच्या मेंढ्या वाडग्यातून ओढून आणायला रेक्स मदत करतो, नियमात बसत नसतानाही. डग त्या वेळी नेमका खिशात तंबाखू शोधतो. ब्लूने विचारलं, "काय रे पाद्री, आज गप्प?" रेक्स म्हणाला, "पाद्री नाही मी, ब्लू. प्यायलो मी त्या दिवशी." भर जेवणात, सगळ्यांसमोर. ब्लू म्हणाला, "मग मला का नाही बोलावलंस, कंजूस कुठला?" आणि आपला सॉस त्याच्याकडे सरकवला.

टपालाची गाडी आली की सगळे दाराशी जातात. रेक्स जात नाही. कातरायचं मशीन बंद न करता खाली मान घालून उभा राहतो.

कॉरीन, या कामातून मला मोकळं कर. कार्डं मी पाठवीत राहीन, पण त्यांचा अर्थ कार्डांपुरताच असू दे.

तुझी,
विल्मा


अ‍ॅडलेड
१३ जुलै १९७६

प्रिय विल्मा,

रेक्सचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी त्याला उत्तर लिहिलं. चार ओळी. अट मोडली, येऊ नकोस. पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं, आणि सकाळी पेटीपर्यंत गेले.

पेटीशी उभी राहून मला आमची दहा वर्षं आठवायला लागली. बाटल्या मला कुठे कुठे सापडल्या आहेत सांगू? गमबुटात. कोंबड्यांच्या खुराड्यात, पेंढ्याखाली. संडासाच्या टाकीत. एकदा जेनिसच्या पाळण्याच्या गादीखाली. त्या दिवशी मी त्याला घराबाहेर काढायला हवं होतं, आणि काढलं नाही. प्रत्येक वेळी मीच शोधून काढलं. तो लपवणार आणि मी शोधणार, आमचा संसारच त्यावर चालला होता, आणि मी त्यात इतकी तरबेज झाले होते की तो दूर गेला तर तिथेही मी तुझे डोळे लावून शोधतच होते. या दहा वर्षांत त्याने आपण होऊन मला कधी म्हणून सांगितलं नव्हतं. एकदासुद्धा नाही. मला न कळण्याची पक्की सोय झाली होती, आणि नेमकं तेव्हा त्याने लिहिलं.

पाकीट घरी आणलं आणि शेगडीत टाकलं. तिकीट वाया गेलं.

पण अट मोडली ती मोडलीच, विल्मा. ते मी पुसणार नाही. ऑगस्टअखेर घरी, हे आता नाही. हे मी जेनिसला सांगितलं, खरं कारणही सांगितलं. मग तिने कपाट उघडलं, सगळे कपडे पुन्हा सारखे पसरले आणि दार लावलं. मला वाटलं, मी चुकले.

रेक्सला मी आज वेगळं पत्र लिहिलं आहे. त्याला म्हटलं: वंडारीचं काम संपवून टोळी दुसऱ्या शेडला निघेल, तेव्हा मधल्या शनिवारी बसने ये. रात्री आमच्याबरोबर जेव. झोपायला मिसेस शुल्ट्झची मागची पडवी आहे. मी विचारलं, तर शुल्ट्झनेच खाट काढून झाडली. रविवारी परत जा. प्यायलास तर मला तूच सांगायचं, त्याच दिवशी. मग मी ठरवीन, त्या त्या वेळी. ऑगस्टचं मला आज माहीत नाही, आणि तुलाही माहीत आहे असं दाखवू नकोस.

तू मोकळी आहेस. पहिल्यापासून असायला हवी होतीस. तुझ्यावर मी जे टाकलं ते नणंदेवर टाकायचं नसतं, आणि बहिणीवर तर नाहीच.

काल रात्री जेनिसला सांगितलं, शनिवारी बाबा जेवायला येणार आहेत.

"राहणार?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"माहीत नाही गं. खरंच."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. मग म्हणाली, "कोंबडी कर. तिकडे त्यांना रोज मटणच घालत असतील."

तुझी,
कॉरीन